रोगप्रतिकारक नारळ आणि माझे 1,08,500 रुपये

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागायतदार आहे. 22 वर्षे डॉगरिज खुंटावर (ज्यावर द्राक्षाचे कलम करतात, त्या मुळाच्या झाडावर) बाग उभी करणाऱ्या माणसाला रोपांच्या व्यवहारात कोणी गंडवेल, असे मला गेल्या जूनपर्यंत वाटत नव्हते. बांधावर लावायला मी ‘मेपॅन’ या रोगप्रतिकारक म्हणवल्या जाणाऱ्या संकरित जातीची म्हणून नारळाची 120 रोपे प्रत्येकी 850 रुपयांनी घेतली. रोपांचे 1,02,000 आणि गाडीभाड्याचे 6,500, असे एकूण 1,08,500 रुपये गेले.

विक्रेत्याने मोबाइलवर जमैकातले माड दाखवले होते, शेंडे गळून नुसते खांब उरलेले. हा रोग केरळातून इकडे सरकतो आहे, असे तो म्हणाला आणि मी घाबरलो. प्रत्यक्षात तो कॅरिबियन भागातला ‘जीवघेणा पिवळेपणा’ (लीथल यलोइंग) हा रोग. केरळातला ‘रूट विल्ट’ हा नारळाचा रोगही त्याच्यासारखाच फायटोप्लाझ्मा या जिवाणूसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो, पण तो झाड मारण्याऐवजी वर्षानुवर्षे खंगवतो. हे मला नंतर कळले. खुंट बदलून संकट टाळता येते, हे द्राक्षात रोज पाहणाऱ्याला प्रतिकारक नारळाची गोष्ट पटली, यात माझा एकट्याचा मूर्खपणा नव्हता.

मात्र गाडी उतरवताना 31 रोपांचे देठ पिवळेधमक दिसले, तिथे मी थांबायला हवे होते. मेपॅन हा मलायन ठेंगू मादी आणि पनामा उंच नर यांचा संकर. मादीवर तिचेच पराग पडले, तर रोप आईसारखे पिवळे निघते आणि रोपवाटिकेतच ते काढून टाकतात; खऱ्या संकराचा देठ हिरवट-तपकिरी असतो. मी विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, “भाऊ, हाच तर रोगाला न जुमानणारा रंग!” आणि मी, दोन मजुरांसमोर अडाणी दिसू नये म्हणून, मान डोलावली. कहर म्हणजे खुद्द जमैकात खरा मेपॅनही नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून याच रोगाने मोठ्या प्रमाणावर मेला.

पावती वाचूनच पैसे द्या. माझ्या पावतीवर ‘शोभेची रोपे, 120 नग’ एवढेच आहे. त्या जोरावर पोलिसांनी हा दिवाणी वाद ठरवला. कृषी कार्यालयाने, रोपवाटिका दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून, मला तिकडे पाठवले. तिकडच्यांनी खरेदी नाशकात झाली म्हणून परत पाठवले. चार खेट्यांनंतर एका साहेबांनी विचारले, “रोपे जिवंत आहेत ना? मग नुकसान कसले?” अर्जाची पोच मागितली, तर शिक्का मारणारा रजेवर होता.

‘तीन वर्षांत तयार केलेली जात’ हे शब्द ऐकताच उठून निघा. केरळातल्या कायमकुळमच्या नारळ संशोधन केंद्रात कल्परक्षा आणि कल्पश्री या रूट विल्टला तोंड देणाऱ्या जातींसाठी रोगग्रस्त पट्ट्यात तग धरलेले माड निवडून, त्यांची संतती त्याच पट्ट्यात पारखावी लागली, आणि नारळाला फळ धरायलाच चार-पाच वर्षे लागतात. रोपे ज्यांच्या नारळांपासून केली, ते मातृवृक्ष कुठे आहेत, हे विचारा. नारळ हवाच असेल, तर रत्नागिरीजवळच्या भाट्ये संशोधन केंद्रात चौकशी करा.

त्या माणसाचा फोन अजून चालू आहे. त्याच्या स्टेटसवर आता ‘तेल्या’ या डाळिंबावरच्या रोगाला दाद न देणारी डाळिंबाची रोपे आहेत. कसमादेतल्या (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) बागायतदारांनी ते फोटो नीट पाहावेत, मागे उभी असलेली गाडी माझ्याकडे आली होती तीच आहे.