ब्राझीलचा भिंतीवरचा मोठा नकाशा : आठ महिने वापरून झाल्यावर लिहितोय

घेतला तेव्हा घरात सगळ्यांनी विचारलं होतं की मोबाईल असताना कागदी नकाशा कशाला. आता आठ महिने हॉलच्या भिंतीवर आहे, तिकिटं झालीत, ऑगस्टमध्ये निघतोय, म्हणून सविस्तर लिहितो, कोणाला एवढ्या मोठ्या देशाचं प्लॅनिंग करायचं असेल तर कामात येईल.

आधी थोडं आमचं. जळगावात राहतो, शेती चोपडा तालुक्यात, केळी आणि कपाशी. आबांना (वय ६६) किती वर्षांपासून एकच गोष्ट बघायची होती, आपली गीर गाय ब्राझीलमध्ये जाऊन काय झाली ती. तिकडे नेलोर म्हणून जी पांढरी जात कोट्यवधींनी आहे ती आपल्या आंध्रातली ओंगोल, नाव नेल्लोर वरून पडलं, गुझेरा म्हणजे आपली कांकरेज, आणि गीर तर गीरच. इथून शेवटची मोठी खेप १९६२ मध्ये गेली. मिनास जेराइस राज्यात उबेराबा नावाचं शहर आहे, झेबू म्हणजे आपल्यासारखी वशिंडवाली गुरं, ती पाळणाऱ्यांच्या संघटनेचं मुख्य ऑफिस तिथेच आणि झेबूचं म्युझियम पण तिथेच. त्यामुळे ट्रिप ठरली ती उबेराबासाठी, रिओ वगैरे नंतर जोडलं.

नकाशा १:५० लाख स्केलचा आहे, म्हणजे १ सेंटीमीटरला ५० किलोमीटर, साधारण साडेतीन फूट बाय साडेतीन फूट, लॅमिनेटेड, ११५० ला पडला. त्याच्या आधी एक स्वस्तातला मागवला होता, तो परत केला, कारण त्यात तोकांतिन्स राज्यच नव्हतं. हे राज्य १९८८ मध्ये गोयासच्या उत्तरेकडचा भाग तोडून झालं, त्यामुळे घेताना पहिलं ते बघा, नसेल तर माल फारच जुना आहे.

आता खरा फायदा. मोबाईलवर आपण झूम करतो ना तिथेच गडबड होते, रिओ पण स्क्रीनभर आणि अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं मनाउस पण स्क्रीनभर, मधलं अंतर डोक्यात बसतच नाही. आमचा पहिला प्लॅन १६ दिवसांचा होता आणि त्यात रिओ, साओ पाउलो, इग्वासूचा धबधबा, पांतानाल (मोठा पाणथळ प्रदेश), मनाउस, साल्वादोर आणि उबेराबा एवढं सगळं होतं आणि ते मला अगदी जमेल असं वाटत होतं. नकाशा लागला त्या संध्याकाळी आबांनी खराट्याची एक काडी तोडली, म्हणे जळगाव ते मुंबई या नकाशात किती भरेल सांग. हवाई अंतर साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे ७ सेंटीमीटर. तेवढी काडी कापली आणि मोजत बसले. रिओ ते साओ पाउलो बरोब्बर एक काडी. साओ पाउलो ते इग्वासू सव्वादोनच्या वर. साओ पाउलो ते मनाउस साडेसात काड्या! मनाउस ते साल्वादोर परत सातच्या वर. आबा काडी हातात धरून थोडा वेळ नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "आरे भाऊ, हाई त् आपला देशना अडीचपट शे!" खरंच आहे, ८५ लाख चौरस किलोमीटर, आपले ३३ लाख. त्याच रात्री मनाउस आणि साल्वादोर कटले. वाईट वाटलं, अ‍ॅमेझॉन बघायची माझी खूप इच्छा होती, पण चार दिवस विमानतळावरच गेले असते.

ती काडी अजून नकाशाच्या बाजूला सेलोटेपने चिकटवलेली आहे, आणि मी म्हणेन या नकाशाचा सगळ्यात उपयोगी पार्ट तीच आहे.

वापराबद्दल. टाचण्या टोचू नका, लॅमिनेशन फाटतं आणि भोकातून हवा शिरून फुगतं. आम्ही टिकल्या लावतो, आईच्या पाकिटातल्या, लाल म्हणजे मुक्काम, हिरवी म्हणजे नुसतं बघायचं. जागा बदलली की टिकली काढायची, गोंद राहतो तो खोबरेल तेलाच्या बोटाने निघतो. बाजूच्या समुद्रात म्हणजे अटलांटिकच्या निळ्या भागात परमनंट मार्करने सगळ्या नोंदी लिहिल्यात, सॅनिटायझरने पुसता येतात. त्यात पिवळ्या तापाच्या लशीची नोंद सगळ्यात मोठ्या अक्षरात आहे आणि ती तुम्हीही लिहा. ब्राझीलहून भारतात परत येताना लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतं, नसेल तर ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस घेतल्यावर १० दिवसांनी कार्ड लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. आम्ही मुंबईला जाऊन घेतली. साठीच्या पुढच्या माणसाला ही लस देताना डॉक्टर नीट तपासून ठरवतात, आबांच्या वेळी म्हणूनच दोन खेपा झाल्या, तेवढा वेळ हातात ठेवा.

आता तक्रारी, त्या पण आहेत. एक तर विकणाऱ्याने नळकांड्यात घालून पाठवला पण नळकांडं चेपलेलं, त्यामुळे खालच्या कोपऱ्यात पांढरी घडी पडली ती आजपर्यंत गेली नाही. ट्यूबलाईटची चमक येते, रात्री वाचायला मान वाकडी करावी लागते. हे चालून जाईल. पण रस्ते आणि रेल्वेच्या बाबतीत नकाशा चक्क फसवतो.

आम्ही भुसावळच्या शेजारची माणसं, आमची नजर पहिली रेल्वेच्या काळ्या रेषेवर जाते. रेषा बऱ्याच दिसल्या म्हणून मी गाडीने फिरायचं ठरवून बसलो होतो, दोन महिने तसाच प्लॅन चालला. नंतर कळलं की त्यातल्या बहुतेक लाईनी मालगाडीच्या, खनिज आणि धान्य वाहायच्या, लांब पल्ल्याची पॅसेंजर बेलो होरिझोन्ते-व्हितोरिया सारखी बोटावर मोजण्याइतकी. तिकडे माणसं बसने नाहीतर विमानाने जातात. आणि रस्त्यांचं तेच, पोर्तो वेल्यो ते मनाउस हा बीआर-३१९ हायवे जाड लाल रेषेने दाखवलाय, आणि मधला ४०० किलोमीटरच्या आसपासचा तुकडा कच्चा आहे, पावसाळ्यात नुसता चिखल. पक्का-कच्चा एकाच रंगात छापणं मला मान्य नाही, माणूस त्या भरवशावर गाडी घेऊन निघाला तर? उलट पांतानालमधला ट्रान्सपांतानेरा रस्ता, जो आम्ही करणार आहोत, सुमारे १४५ किलोमीटर कच्चा आणि शंभरच्या वर पूल, तो केसासारखा बारीक, भिंग लावून शोधला. म्हणून रस्त्याची खात्री मोबाईलवर करा, सॅटेलाईट व्ह्यू लावून. नकाशा अंतर आणि दिशेसाठी, बाकी गोष्टींसाठी नाही.

ऋतूचं पण नकाशा सांगत नाही, पण विषुववृत्ताची रेष समोर दिसत राहते म्हणून लक्षात तरी राहतं की जवळजवळ सगळा देश त्या रेषेच्या खाली आहे, ऋतू उलटे. आपल्याकडे श्रावण तेव्हा तिकडे थंडी, दक्षिणेला स्वेटर लागतं, आणि पांतानालमध्ये पाणी ओसरून जनावरं नदीकाठी येतात, जग्वार दिसायचा काळ तोच. शिवाय केळीची मोठी कापणी उरकलेली असते आणि आबांना पोळ्याच्या आत घरी यायचंय, बैल सजवायचे असतात. असा ऑगस्ट ठरला.

शेवटचा प्लॅन : रिओ तीन दिवस, इग्वासू दोन (फक्त ब्राझीलच्या बाजूने, पलीकडे अर्जेंटिनाचा वेगळा व्हिसा), उबेराबा चार, मग कुयाबा शहरामार्गे पांतानाल चार, बाकी प्रवास. इथून डायरेक्ट विमान नाही, आम्ही अदिस अबाबा मार्गे साओ पाउलो घेतलंय.

घ्यायचा का? एकापेक्षा जास्त ठिकाणं करणार असाल आणि घरातले सगळे मिळून ठरवणार असाल तर नक्की घ्या, मोबाईलवर एकच माणूस प्लॅन करतो आणि बाकीचे मान हलवतात. नुसतं रिओ करणार असाल तर गरज नाही.

प्लॅन झाला म्हणून मागच्या आठवड्यात नकाशा काढायला गेलो तर आईने थांबवलं. ती येत नाहीये, गुडघ्यांमुळे. नावं रोमन अक्षरात आहेत म्हणून मी चार ठिकाणी देवनागरीत चिठ्ठ्या चिकटवून दिल्या, आणि समुद्रात लिहून ठेवलं की रिओत सकाळचे ७ म्हणजे आपल्याकडे दुपारचे साडेतीन, कुयाबाला असू तेव्हा साडेचार. फोन आला की ती टिकली पुढे सरकवणार आहे. पाकीट नवीन आणलंय तिने.