हेड स्वस्त, पाणी महाग: स्प्रिंकलर बसवून घेतल्याचा अनुभव

आमच्या जुन्या कार्यालयीन इमारतीला स्थानिक अग्निसुरक्षा नियमांनुसार स्प्रिंकलर बसवणे बंधनकारक ठरले, त्या वेळी ज्या कंत्राटदाराला काम दिले त्याच्या सेवेविषयी हे लिहीत आहे. प्रत्यक्ष कामाला मी उत्तम गुण देईन, अंदाजपत्रकाला मात्र जेमतेम पास होण्यापुरतेच.

पहिल्या कोटेशनमध्ये स्प्रिंकलर हेडची (म्हणजे छताला लावलेल्या, पाणी फवारणाऱ्या तोंडांची) संख्या आणि दर अगदी ठळक मांडलेले होते, तर टाकी, पंप आणि मुख्य पाइप यांच्यापुढे नुसते ‘गरजेनुसार’ लिहिलेले होते. वास्तविक पैसा जातो तो तिथेच. के-८० प्रकारच्या एका हेडमधून १ बार दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी पडते. आग लागल्यावर सिनेमात दाखवतात तशी सगळी हेड एकदम उघडत नाहीत, ज्याच्याभोवती हवा तापली तेवढेच उघडते. तरीही आराखडा करताना पंपापासून सर्वांत अडचणीच्या भागातली अनेक हेड एकाच वेळी चालू आहेत असे धरून, तेवढे पाणी नियमाने ठरवलेल्या वेळेपर्यंत पुरेल अशी टाकी आणि तेवढा दाब देणारा पंप घ्यावा लागतो. वापराच्या पाण्याच्या टाकीवर हे भागणार नाही, हे आम्हाला तिसऱ्या भेटीत सांगण्यात आले आणि सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला. शिवाय जुन्या इमारतीत फॉल्स सीलिंग उतरवण्याचा आणि पुन्हा चढवण्याचा खर्च येतो, तोही कोटेशनमध्ये नव्हता.

काम मात्र चोख झाले. हेडचे तोंड बंद ठेवणारा काचेचा छोटा बल्ब उष्णतेने फुटला की पाणी सुटते; कार्यालयात ६८ अंशांना फुटणारे लाल बल्ब आणि बॉयलरच्या खोलीत ९३ अंशांचे हिरवे, हा फरक त्यांनी न सांगता पाळला. हायड्रो टेस्टच्या, म्हणजे पाइपांत दाबाने पाणी भरून गळती तपासण्याच्या दिवशी सुमारे १४ बार दाब भरून दोन तास दाबमापकाचा काटा हलू द्यायचा नव्हता. दीड तास उलटल्यावर जिन्याजवळच्या एका एल्बोखाली (पाइपच्या वळणावरच्या जोडाखाली) धरलेला कोरडा कागद किंचित ओलसर झाला. काटा जागचा हलला नव्हता, तरी त्यांच्या फिटरने पाणी उतरवले, आटे पुन्हा बसवले आणि दोन तास पहिल्यापासून मोजले. पुढे आमच्याच रंगाऱ्याने चार हेडांवर रोलर फिरवला, तेव्हा ती पुसून चालवा अशी आमची विनंती त्यांनी साफ नाकारली आणि चारही बदलली, कारण रंग चढलेले हेड वेळेवर उघडेल याची खात्री देता येत नाही.

वार्षिक देखभालीचे कोटेशन नुकतेच आले आहे. त्यात पंप, जॉकी पंप (पाइपांतला दाब कायम राखणारा छोटा पंप) आणि व्हॉल्व्ह यांच्या चाचण्या स्वतंत्र ओळींत आहेत, पण टाकीच्या सफाईपुढे पुन्हा ‘गरजेनुसार’ असे लिहिलेले असल्याने ते मी दुरुस्तीसाठी परत पाठवले आहे.