फायर अँट आणि घरगुती उपाय: आठ महिन्यांनंतरचा हिशोब

मार्चमध्ये आम्ही ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत राहायला आलो. दुसऱ्याच आठवड्यात मागच्या अंगणात स्लीपर घालून फोनवर बोलत उभा होतो. आधी काहीच कळलं नाही, मग एकदम दोन्ही घोट्यांना निखारे लावल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी अठरा पांढऱ्या फोडी मोजल्या. या फायर अँट, म्हणजे इथल्या लाल मुंग्या, जबड्याने कातडी धरतात आणि जागच्या जागी फिरत पुन्हा पुन्हा नांगी मारतात. फोड फोडू नका, आणि कुणाला धाप लागली किंवा तोंड सुजलं तर सरळ 911.

गावाकडच्या लाल मुंग्यांच्या अनुभवावर मी गेलो, ती पहिली चूक. ही जात दक्षिण अमेरिकेतून 1930 च्या दशकात अलाबामातल्या मोबाइल बंदरातून इथे शिरली. वारूळ म्हणजे नुसता भुसभुशीत मातीचा ढीग, वर भोकसुद्धा नसतं. काडी टेकवली की दोन सेकंदांत काडी लाल होते.

आईने फोनवर हळद आणि हिंग सांगितलं. ढिगावर दोन्ही टाकलं; दोन दिवसांनी दीड हातावर नवा ढीग. व्हिनेगरने गवत जळलं, मुंग्या तशाच. दालचिनीचा वास छान आला. आई येताना मुंग्यांचा खडू आणणार होती, तो मात्र आणू दिला नाही, इथे बेकायदा आहे.

रव्याचं सांगायलाच हवं, कारण हा सल्ला इथे प्रत्येक जण देतो. इथले लोक मक्याचा जाडा भरडा टाकतात, मी आपला उपम्याचा रवा टाकला. म्हणे खाऊन पाणी प्यायल्या की पोट फुगून मरतात. सकाळी रवा गायब! मला वाटलं, जिंकलो. नंतर वाचलं की वाढ पूर्ण झालेल्या मुंगीला घन पदार्थ गिळताच येत नाही. ती तो आत नेते, अळ्या पचवतात आणि पातळ करून परत देतात. म्हणजे पाव किलो रव्यात मी त्यांच्या पोरांचं बारसं घातलं.

घरातलं खरं चाललं ते एकच, उकळतं पाणी. पण तांब्याभर नव्हे. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे लोक एका वारुळाला तीन गॅलन, म्हणजे अकराएक लिटर सांगतात आणि तेवढं ओतूनही साधारण साठ टक्केच वारुळं मरतात, असंही कबूल करतात. माझाही अनुभव तसाच, नऊपैकी पाच गेली. ऊन असलेल्या गार सकाळी ओता, तेव्हा राणी आणि अळ्या वर उबेला आलेल्या असतात. आधी ढीग हलवू नका, नाहीतर राणीला घेऊन खाली पळतात. आणि बूट घाला. मी पातेलं घेऊन पायरीवर अडखळलो, डाव्या पावलावरचा डाग अजून आहे. गवतावर पिवळी वर्तुळं पडली ती वेगळीच, सोसायटीचं पत्र आलं.

जूनच्या पावसानंतर पुन्हा सात ढीग वर आले, तेव्हा हट्ट सोडला आणि दाणेदार आमिष आणलं: मक्याच्या कण्यांना सोयाबीनचं तेल आणि त्यात औषध. मुंग्या ते स्वतः राणीपर्यंत नेतात, म्हणून ढिगावर न टाकता सगळ्या अंगणात विरळ पसरायचं. आधी बटाट्याचा वेफर जमिनीवर ठेवून बघा; अर्ध्या तासात मुंग्या लागल्या तरच टाका, नाहीतर वाया. उन्हाळ्यात संध्याकाळी, आणि पुढचे एक-दोन दिवस पाऊस नको, स्प्रिंकलरही बंद. पुडकं जुनं असलं, तेल खवट झालं, तर त्या तोंड लावत नाहीत. माझं पहिलं पुडकं गॅरेजमधलं होतं, घर विकणाऱ्यांनी सोडलेलं. एकही दाणा हलला नाही.

नव्या पुडक्याने आठवडाभर काही दिसलं नाही, बायको म्हणाली पैसे गेले. पाचव्या आठवड्यात ढिगांवर काडी टेकवली तर एकही मुंगी वर आली नाही. ऑक्टोबरमध्ये पुन्हा एकदा पसरलं. सध्या कुंपणाशी दोन ढीग आहेत, शेजाऱ्याच्या बाजूने आलेले. भाजीच्या वाफ्याजवळचा एक मात्र पाण्यानेच मारतो, तिथे औषध नको वाटतं. पातेलं म्हणून बाहेरच्या शेगडीपाशीच असतं.