जुन्या लाकूडकामाच्या लेथसाठी ब्राँझचे बुश की बॉल बेअरिंग?

जुन्या लेथचा स्पिंडल (लाकूड फिरवणारा मुख्य दांडा) डगमगू लागला की त्याला आधार देणाऱ्या, झिजलेल्या ब्राँझच्या बुशांच्या (नळीसारख्या अस्तरांच्या) जागी नवे बुश घालावेत की बॉल बेअरिंग बसवावीत, असा पेच पडतो.

६२०५ सारखी प्रमाणित मापाची बेअरिंग (आतील व्यास २५, बाहेरील ५२ मिलिमीटर) स्वस्त आणि सहज मिळतात; खरा खर्च हेडस्टॉकमधील (स्पिंडल बसतो त्या डोक्याकडच्या भागातील) दोन्ही भोके एका रेषेत, अचूक मापात मोठी करून घेण्याचा असतो. शिवाय एकदा कोरलेले बीड (ओतीव लोखंड) परत भरून येत नाही.

श्रमांचा हिशेब मांडण्यापूर्वी स्पिंडल मायक्रोमीटरने अनेक ठिकाणी मोजावा. तो एकसारखा बारीक झाला असेल, तर नवा बुश त्याच मापाला आतून कोरता येतो. बेअरिंगची आतली कडी मात्र ठरावीक मापाची असल्याने स्पिंडलच दुरुस्त किंवा नवा करावा लागतो. माझ्या मते निर्णय याच मापावर अवलंबून ठेवावा.

देखभालीत सीलबंद बेअरिंग सरस ठरते, कारण तिला भुशाचा त्रास कमी होतो आणि तेल घालावे लागत नाही. बुशाला नियमित तेल हवेच. टेलस्टॉकचा (लाकडाला दुसऱ्या टोकाने दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब पेलण्यासाठी त्याला वेगळा थ्रस्ट वॉशरही (स्पिंडलच्या लांबीच्या दिशेने येणारा दाब झेलणारी चकती) लागतो.

रोज तासन्‌तास, जास्त वेगावर काम करणाऱ्याने, स्पिंडल सुस्थितीत असल्यास, बेअरिंग निवडावे. अधूनमधून वापर असेल, स्पिंडल झिजलेला असेल किंवा यंत्राचे मूळ रूप जपायचे असेल, तर नवे बुशच योग्य.