शेंडा मारायचा की फांदीच बुडातून काढायची?

ऑक्टोबर लागला की तासगाव-मिरज भागात द्राक्षाच्या फळछाटणीची धांदल उडते. त्याच दिवसांत सांगलीत, विश्रामबाग-माधवनगरच्या अंगणांतूनही कात्रीचा आवाज यायला लागतो. पाऊस सरलेला असतो, पेरू आणि जास्वंद कुंपणाबाहेर गेलेले असतात, आंब्याची फांदी गच्चीवर टेकलेली असते. शेजारच्या काकू दरवर्षी विचारतात, "किती उंच ठेवू रे?" मी त्यांना उलट विचारतो, "काकू, काप कुठं घेणार?" फांदी मधेच कापली तर तो शेंडा मारणं झालं. ती जिथून निघाली त्या जोडापासून पूर्ण काढली तर ती विरळणी. दोन्हींना आपण छाटणीच म्हणतो, पण झाड दोन्हींना वेगवेगळं उत्तर देतं.

शेंडा मारल्यावर काय होतं, हे द्राक्षबागेत राबलेल्या कुणालाही विचारा. बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून निघणाऱ्या बाजूच्या फुटी, जोरात येतात. वाढत्या शेंड्यात ऑक्झिन नावाचं संप्रेरक तयार होऊन खाली उतरत असतं, आणि तोवर बगलेतले डोळे, म्हणजे न फुटलेले कोंब, दबून राहतात. शेंडा गेला की कापाखालचे दोन-तीन डोळे एकदम फुटतात आणि एका काडीच्या तीन होतात. झाड लहान व्हावं म्हणून वरून सपाट कापणाऱ्याला वर्षभरात तेवढीच उंची परत मिळते, वर गर्दीही. आत ऊन पोचत नाही, वारा खेळत नाही आणि पिठ्या ढेकूण तिथं घर करतो.

विरळणीत कापाजवळ एवढा फुटवा येत नाही. झाडाच्या पोटात उजेड जातो, जोर उरलेल्या फांद्यांना मिळतो आणि आटोपशीरपणा बरीच वर्षं टिकतो. मात्र काम सावकाश होतं, करवत लागते आणि एक हंगाम झाड उघडंबोडकं दिसतं. एका वेळी पानोऱ्याच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त काढू नये. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन अचानक उघड्या पडलेल्या सालीला भाजतं, म्हणून तिथं पातळ चुना लावावा.

मग निवड कशी करायची? फूल कुठल्या काडीवर येतं ते आधी बघा.

पेरूला नव्या फुटीवर, पानाच्या बगलेत फूल येतं. त्यामुळे शेंडा मारला की नवी फूट आणि नवीन फुटीबरोबर फळ, असा फायदाच होतो. जास्वंदही नव्या फुटीवरच फुलते. गुलाबाची ऑक्टोबर छाटणी तर ठरलेलीच. बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या थोडं वर, तिरका काप घ्यायचा. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. मोगरा डिसेंबर-जानेवारीत छाटावा. कढीपत्त्याचा शेंडा तर स्वयंपाकासाठी खुडतानाच मारला जातो, आणि म्हणूनच तो भरगच्च होतो.

आंब्याचं गणित याच्या अगदी उलट आहे. त्याचा मोहोर पक्व काडीच्या टोकाला येतो. ऑक्टोबरात शेंडे मारणं म्हणजे येणारा मोहोरच कापणं. हे मी स्वतः करून बसलो आहे. गच्चीवर आलेल्या बाजूचे सगळे शेंडे एका दिवसात छाटले. त्या वर्षी त्या बाजूला एकही कैरी धरली नाही आणि प्रत्येक कापाखाली फुटव्यांचा झुबका आला. ते झुबके विरळ करत दोन वर्षं गेली. त्या झाडाखाली आई उन्हाळाभर बसायची, म्हणून ते जास्त लागलं. तेव्हा आंब्याला विरळणीच करा, तीही फळं उतरल्याबरोबर जूनमध्ये, म्हणजे नव्या फुटीला मोहोराआधी पक्व व्हायला वेळ मिळतो. मधोमध सरळ वर गेलेली एखादी फांदी बुडातून काढली तरी झाड मोकळं होतं.

लिंबाला दोन्हीतलं फारसं काही लागत नाही. वाळकी काडी, सरळ वाढणारे पानसोट आणि कलमाच्या जोडाखालून आलेली फूट तेवढी काढावी. भर पावसात मात्र हात लावू नये, ओल्या जखमेतून खैऱ्या रोग पसरतो. नारळाचा शेंडा कधीच मारायचा नाही. त्याला वाढीचा तो एकच कोंब असतो, तो गेला की झाड गेलं.

विरळणीत बहुतेकांचं चुकतं ते शेवटच्या कापाला. फांदीच्या बुडाशी फुगीर कडं असतं, जखम तिथूनच भरून येते. खोडाला घासून कापलं तर ते कडं जातं, खुंट ठेवला तर तो कुजत आत उतरतो. कड्याच्या अगदी बाहेर कापा. मनगटाएवढी जाड फांदी असेल तर आधी थोड्या अंतरावर खालून अर्धवट काप, मग त्याच्या पुढे वरून, आणि शेवटी उरलेला खुंट. नाहीतर फांदी आपल्याच वजनानं खोडाची साल ओढत खाली येते. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात प्लास्टिकच्या भांड्यात वेगवेगळे भिजवून एकत्र करायचे.

माणूस लावून काम करून घेणार असाल, तर रोजावर आलेला गडी सहसा शेंडेच मारतो, कारण ते झटपट होतं. आदल्या संध्याकाळी काढायच्या फांद्यांना बुडाशी चुन्याची खूण करून ठेवा आणि कापताना तिथं थांबा. महापालिका हद्दीत मोठं झाड तोडायचं असेल, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार आधी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते.

काकूंच्या पेरूला यंदा दोन्ही प्रकार करायचं ठरलंय. मधल्या दोन उभ्या फांद्या करवतीनं बुडातून निघतील. बाकीच्यांचे शेंडे, जिथं हात पोचतो त्या उंचीवर, मारू.