डीडी फ्री डिश: रिचार्ज नाही, पण छत्री नीट बसली पाहिजे

एकदा दीड-दोन हजार रुपये खर्चायचे आणि मग महिन्याला एक पैसाही द्यायचा नाही, हा फ्री डिश या मोफत उपग्रह टीव्ही सेवेचा सरळ व्यवहार आहे. नोंदणी नाही, कार्ड नाही, पॅक निवडायची कटकट नाही. सशुल्क डीटीएचचा महिन्याला तीनशेचा पॅक धरला तर वर्षाचे ३,६०० होतात. म्हणजे छत्री, बॉक्स आणि वायरीचे पैसे सहाएक महिन्यांत सुटतात. प्रसार भारतीने ही सेवा १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ३३ वाहिन्यांनिशी सुरू केली. आज ती ४ कोटींहून जास्त घरांत आहे आणि तिचा सिग्नल ९३.५ अंश पूर्वेला असलेल्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतो.

फुकट मिळतं म्हणजे पैसे कोणी तरी भरतंच. इथे ते वाहिन्या भरतात. खासगी वाहिन्यांना फ्री डिशवरची जागा ई-लिलावात घ्यावी लागते आणि तो खर्च त्या जाहिरातींतून काढतात. हे समजलं की या सेवेचा सगळा स्वभाव कळतो. प्रेक्षक इथे गिऱ्हाईक नाही, त्यामुळे कोणती वाहिनी राहणार आणि कोणती जाणार यात त्याला काही विचारलं जात नाही. मार्च २०१९ मध्ये स्टार उत्सव, झी अनमोल, सोनी पल, रिश्ते या चारही लोकप्रिय हिंदी वाहिन्या एकदम निघून गेल्या. २०२० मध्ये परत आल्या आणि १ एप्रिल २०२२ पासून पुन्हा गेल्या. चालू मालिका अर्ध्यावर सुटली आणि दाद मागायला जागा नव्हती, ही या सेवेची सगळ्यात बोचणारी उणीव आहे.

मराठी घराच्या दृष्टीने हिशोब आणखी नाजूक आहे. सह्याद्री मिळते, आणि ती बडोदा, इंदूर, बेळगाव, हैदराबाद, कुठेही छत्री लावली तरी मिळते. तिथल्या मराठी घरांना स्थानिक केबलवाल्याची मनधरणी करावी लागत नाही. लिलावात जागा घेणाऱ्या मोफत मराठी वाहिन्याही असतात. त्यांची यादी बदलत राहते. पण स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी या सशुल्क वाहिन्या आहेत. रात्री आठ ते दहा ज्या घरात याच मालिका लागतात, तिथे फ्री डिश एकटी पुरणार नाही. हे विकत घेण्याआधीच घरच्यांशी बोलून घ्या, कारण दुकानदार वाहिन्यांचा आकडा सांगतो, नावं सांगत नाही. त्या आकड्यात बातम्या, भक्ती, भोजपुरी आणि शैक्षणिक वाहिन्यांचा वाटा मोठा असतो. शैक्षणिक वाहिन्यांना मात्र कमी लेखू नका. पीएम ई-विद्याच्या इयत्तावार वाहिन्या ज्या घरात मोबाइल एक आणि शिकणारी मुलं तीन आहेत तिथे खरंच उपयोगी पडतात. रिमोटवरचं रेडिओचं बटण दाबलं की विविध भारतीसह आकाशवाणीच्या वाहिन्याही खरखर न होता ऐकू येतात.

क्रिकेटवाल्यांसाठी मात्र हा बॉक्स सोन्यासारखा आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून अधिसूचित झालेल्या सामन्यांचा सिग्नल हक्कदार कंपनीला प्रसार भारतीला द्यावा लागतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की हा सिग्नल दूरदर्शनने फक्त आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवर दाखवायचा. खासगी केबल आणि डीटीएचवरून नाही. म्हणून भारताचा एकदिवसीय किंवा टी-ट्वेंटी सामना फ्री डिशच्या डीडी स्पोर्ट्सवर दिसतो आणि महिन्याला पैसे मोजणाऱ्या शेजाऱ्याच्या डीडी स्पोर्ट्सवर दुसरंच काही चालू असतं. आयपीएल या यादीत नाही, ते गृहीत धरू नका.

बॉक्स घेताना एकच अट ठेवा: एमपीईजी-४ चा, म्हणजे चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत समजणारा हवा. जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर जुन्या पद्धतीच्या वाहिन्या लागतात, नव्या पद्धतीच्या लागत नाहीत, आणि मग ‘शेजाऱ्याला येतं ते मला का येत नाही’ अशी तक्रार सुरू होते. प्रसार भारतीच्या आयकॅस (कुलूपबंद सिग्नल फक्त मान्य बॉक्सवर उघडणाऱ्या) प्रणालीचा अधिकृत बॉक्स मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी तोच घ्या. शेतावरच्या घरासाठी १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा बॉक्स बघा. तो आणि तसाच छोटा टीव्ही सौर बॅटरीवर चालतो, भारनियमनात अडत नाही. नवा टीव्ही घ्यायचाच असेल तर त्यात उपग्रह ट्यूनर आहे का विचारा. त्यासाठी आयएस १८११२ : २०२२ हे भारतीय मानक आहे. अशा टीव्हीत छत्रीची वायर थेट लागते, बॉक्स आणि दुसरा रिमोट दोन्ही वाचतात.

आता छत्रीकडे येऊ, कारण दहातल्या नऊ तक्रारी तिथेच जन्मतात.

घाटावर ६० सेंटिमीटरची छत्री पुरते. कोकणात, गोव्यात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर ९० सेंटिमीटरची घ्यावी. व्यास दीडपट झाला की पकडलेला सिग्नल सव्वादोनपट होतो, आणि जोराच्या पावसात हीच शिल्लक कामाला येते. किनाऱ्यावर रंगवलेल्या पत्र्याची छत्री खाऱ्या हवेने लवकर गंजते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा आणि तसेच नटबोल्ट मागा.

खांब ओळंब्यात हवा. खांबच कलला असेल तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत जाते आणि तासभर झटूनही सिग्नल हाती लागत नाही. पत्र्यावर किंवा कौलांवर छत्री बसवू नका, भिंतीत किंवा स्लॅबमध्ये अँकर बोल्टने घट्ट धरा. छत्रीची कड धरून हलवली तर जराही डुगडुगता कामा नये.

दिशा आग्नेय. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर मुंबईत साधारण १३१ अंश, पुण्यात १३२, नागपूरला १४४, पणजीत १२७. आपल्याकडे होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत नाव घेण्याजोगा फरक नाही, त्यामुळे मोबाइलचं होकायंत्र चालतं. फक्त ते लोखंडी खांबापासून दोन-तीन हात दूर धरा. उपग्रहाची उंची मुंबईत साडेसत्तावन्न, पुण्यात ५९, नागपूरला ६०, पणजीत ६१ अंश. इथे नवख्याची हमखास फसगत होते. ही छत्री ऑफसेट जातीची असते, म्हणजे तिचा चेहरा जिकडे दिसतो त्याहून तिची नजर वीस-पंचवीस अंश वर असते. पुण्यात छत्री उभ्या भिंतीपासून अवघी ३५ अंश मागे कललेली दिसेल आणि तेच बरोबर आहे. ताटासारखी आभाळाकडे उताणी केलेली छत्री काही पकडणार नाही.

वाटेत झाड किंवा टाकी आडवी येते का हे पाहायला सूर्याचा उपयोग करा. मार्चच्या मध्याला आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या आसपास सूर्य बरोबर या उपग्रहाच्या जागी येतो. त्या वेळी छत्रीवर ऊन असेल तर वाट मोकळी आहे. (त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र जातं ते यामुळेच, कोणाला बोलवू नका, आपोआप परत येतं.) उन्हाळ्यात लावलेली छत्री पावसाळ्यानंतर रुसली तर आंब्याची किंवा माडाची नवी पालवी आड आली आहे का बघा.

आणि एलएनबीचा, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर सिग्नल झेलणाऱ्या डबीचा पीळ. याकडे सर्रास दुर्लक्ष होतं. महाराष्ट्रातून हा उपग्रह बराच पूर्वेला दिसतो, त्यामुळे उपग्रहावरची ‘उभी’ लहर आपल्याकडे पोचते तेव्हा तिरपी असते. पुण्या-मुंबईत हा तिरपेपणा ४५ अंशांचा, नागपूरला ३३, पणजीत ५०. एलएनबी सरळ ठेवला तर पुण्यात निम्मा सिग्नल वाया जातो, वर आडव्या लहरीची भेसळ होते ती वेगळीच. एलएनबीचा स्क्रू सैल करा, छत्रीच्या मागे उभं राहून आग्नेयेकडे तोंड करा आणि एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. वायर लागते ते तोंड आधी खाली सहाकडे असतं. पुण्यात ते साडेचारकडे, नागपुरात पाचकडे यायला हवं. तिथून पुढे केसभर इकडेतिकडे करत बॉक्सच्या मेनूतली क्वालिटीची पट्टी (तिच्याबद्दल पुढे) सर्वांत जास्त येईल तिथे स्क्रू आवळा.

बॉक्सच्या मेनूत एलएनबी ९७५०/१०६००, २२ किलोहर्ट्झ ऑटो, डायसेक बंद. तपासायला फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० भरा. बाजारात नुसत्या १०६०० चे एलएनबीही विकतात, ते इथे कामाचे नाहीत: ११०९० मधून १०६०० गेले की ४९० मेगाहर्ट्झ उरतात आणि बॉक्स ९५० च्या खालचं ऐकतच नाही. ९७५० वजा केले तर १३४० येतात, ते चालतात.

पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंग्थची पट्टी छत्री भिंतीकडे वळवली तरी साठ-सत्तर दाखवते, कारण ती फक्त एलएनबी जिवंत आहे एवढंच सांगते. बघायची ती क्वालिटी. छत्री बोटभर सरकवा, तीन सेकंद थांबा, पुन्हा सरकवा. बॉक्सला सिग्नल ओळखायला तेवढा वेळ लागतो आणि घाई करणारे नेमके बरोबर जागेवरून पुढे निघून जातात. शेजारी डिश टीव्हीची छत्री असेल तर सुरुवातीला तिच्या रोखाने लावा. तो उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे फक्त दीड अंश पलीकडे आहे. पण म्हणूनच चुकून त्यावरच अडकण्याचा धोकाही आहे. स्कॅन केल्यावर वाहिन्या कुलूपबंद निघाल्या तर तसंच झालंय, छत्री किंचित पूर्वेला गेली आहे असं समजा. बंद पडलेल्या जुन्या डीटीएचची छत्री पडून असेल तर ती याच पद्धतीने वळवून वापरता येते. एलएनबी युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०/१०६०० चा असला म्हणजे झालं.

वायर आरजी-६ ची, शक्यतो अखंड, पंचवीस-तीस मीटरच्या आत. जोडणी करताना बाहेरच्या जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट होतं आणि दोन्ही पट्ट्या शून्यावर येतात. नवी छत्री ‘मेली’ असं वाटतं तेव्हा आधी हेच उघडून बघा. एलएनबीजवळच्या जोडणीवर रबरी टेप गुंडाळा आणि वायरीला खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत जोडणीत न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडेल. हा झोळ नसला की पहिल्या पावसाळ्यानंतर आतलं तांबं हिरवं पडतं आणि चित्राचे चौकोन होऊ लागतात. एलएनबीच्या टोपणावर गांधीलमाशीचं मातीचं घर झालं तरी क्वालिटी घसरते, वर्षातून एकदा तेवढं पुसून घ्या. वळवाच्या गडगडाटात बॉक्सची वायर काढून ठेवा.

मुसळधार पावसात दहा-पंधरा मिनिटं चित्र जाणारच, याच केयू बँड नावाच्या लहरींच्या पट्ट्यावरच्या सशुल्क सेवांचंही तेच होतं. रिमझिमीतही जात असेल तर दोष पावसाचा नाही, छत्री मुळात काठावर लागली आहे.

चित्राचा दर्जा ठीक म्हणावा असा. ३२ इंचांवर चांगलं दिसतं; ५५ इंचांच्या पडद्यावर बहुतांश वाहिन्या धूसर वाटतात, कारण त्या एसडी, म्हणजे कमी तपशिलाच्या आहेत. दोन टीव्हींना एकच छत्री चालते, पण दोन तोंडांचा एलएनबी, दोन वायरी आणि दोन बॉक्स लागतात. साधा स्प्लिटर मध्ये लावला तर दोन्ही बॉक्सचे व्होल्टेज एकमेकांत भांडतात.

कोणी ‘फ्री डिशचा वार्षिक रिचार्ज’ किंवा ‘लाइफटाइम कोड’ म्हणून पैसे मागितले तर देऊ नका, असा रिचार्ज अस्तित्वातच नाही. वाहिन्या गायब झाल्या की असे फोन येतात आणि डिशवाला घरी येऊन दोनशे रुपये घेतो ते बहुधा नुसतं स्कॅन करायचे. ते काम घरी पाच मिनिटांत होतं: मेनूतून जुनी यादी पुसा, ऑटो स्कॅन लावा, नव्या यादीतल्या सह्याद्री, डीडी स्पोर्ट्स आणि घरात लागणाऱ्या दहा-बारा वाहिन्या ‘फेव्हरिट’मध्ये टाका. लिलावाचं नवं वर्ष एप्रिलपासून सुरू होतं, तेव्हा १ एप्रिलला हे स्कॅन न चुकता करा आणि अधूनमधून एखादी वाहिनी दिसेनाशी झाली की पुन्हा करा.