आयर्न प्रोफाइल: सुई उत्तम, रिपोर्ट अर्धा

नागपूरच्या धंतोलीतल्या एका लॅबच्या घरपोच आयर्न प्रोफाइलबद्दल, म्हणजे शरीरातलं लोह मोजणाऱ्या रक्ततपासणीबद्दल. आकडे चार मिळतात: सीरम आयर्न (रक्तात फिरणारं लोह), टीआयबीसी (रक्ताची लोह वाहायची एकूण क्षमता), ट्रान्सफरिन सॅच्युरेशन (त्यातली किती टक्के भरलेली) आणि फेरिटिन (लोहाचा साठा). सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशींची मोजणी, वेगळा सांगावा लागतो. तो घ्याच.

सॅम्पलवाला सकाळी सातला दारात हजर. सीरम आयर्न दिवसभरात खालीवर होतं, त्यामुळे रात्रभर उपाशी राहून सकाळीच रक्त दिलेलं बरं. पण लोहाची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवा, हे फोनवर कोणी सांगत नाही. गोळी पोटात असली की सीरम आयर्न फुगतं. पाणी चालतं, तर्री-पोहे टोचून झाल्यावर.

हात मात्र सफाईदार. पट्टा मिनिटाच्या आत सैल, आधी पिवळ्या टोपणाची ट्यूब, मग सीबीसीची जांभळी. क्रम उलटला आणि जांभळीतलं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) पिवळीत गेलं, तर ते लोह धरून ठेवतं आणि आकडा खोटाच कमी येतो. ट्यूब हळूच उलटीपालटी करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात. मे महिन्यात डिक्कीतल्या डब्यात आइसपॅक आहे ना, तेवढं बघून घ्या.

घोळ रिपोर्टात आहे. फेरिटिन 18 आलं तरी पुढे ‘नॉर्मल’, कारण छापलेली मर्यादाच 10 पासून सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांत 15 च्या खाली कमतरता धरते, बरेच डॉक्टर 30 च्या खालीच. शिवाय ताप, संसर्ग, सांध्यांची सूज असली की फेरिटिन उगाच चढतं. अशा वेळी 70 च्या खालचं फेरिटिनही संशयास्पद. सोबत सीआरपी (सूज-संसर्ग दाखवणारी तपासणी) हवा, तो पॅकेजात नाही. सॅच्युरेशन 45 टक्क्यांच्या वर आणि फेरिटिनही चढलेलं असेल तर लोह जादा साठत असू शकतं; गोळीला हात न लावता डॉक्टर गाठा.

सीबीसीतला एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) कमी पण फेरिटिन चांगलं, असं दिसलं तर एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) करा: थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक दोष त्यात सापडतो, आणि विदर्भात सिकलसेलही बघायलाच हवा.

सोबतचा ‘मोफत आहारसल्ला’ म्हणजे पालक, बीट, गूळ. चहा गोळीपासून तासभर लांब, कॅल्शियम दोन तास लांब, गोळीने होणाऱ्या काळ्या शौचाला घाबरायचं नाही, यातलं अवाक्षर नाही. महिन्याने मात्र पूर्ण प्रोफाइल पुन्हा करा म्हणून मेसेज येतो. तेव्हा नुसता सीबीसी पुरे. गोळी चालू असेल तर हिमोग्लोबिन साधारण 1 ग्रॅमने चढलेलं दिसलं पाहिजे. फेरिटिन दोन-तीन महिन्यांनी.